वंशनिर्णयाच्या कामीं समाईक डीएनएचें प्रामाण्य

१. प्रश्नाचें स्वरूप

सातारच्या गादीवर बसलेल्या रामराजाच्या कुळासंबंधानें महाराणी ताराबाई यांनीं दोन साक्षी दिल्या, आणि त्या एकमेकींच्या सर्वस्वी विरुद्ध आहेत. आपला पुत्र दुसरा शिवाजी याचा हा मुलगा, अर्थात् आपला नातू होय, व प्रतिपक्षाच्या भयानें तो आजवर गुप्तपणें वाढविला गेला, असें त्यांनीं शाहूमहाराजांस कळविलें. ही पहिली साक्ष. जातभाईंसमक्ष त्या मुलाच्या पंक्तीस जेवून व त्या अन्नाची शपथ वाहून ताराबाईंनीं हें नातें सांगावें, अशी अट त्या वेळीं घालण्यांत आल्याचें ग्रँट डफ यानें नमूद केलें आहे. शाहूमहाराज ता. १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले व १७५० च्या जानेवारींत रामराजाचें राज्यारोहण झालें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ताराबाईंनीं त्यास सातारच्या किल्ल्यावर कैद केलें. आणि १७५२ च्या सप्टेंबरांत जेजुरीस खंडोबाच्या देवळांत पेशव्यांशीं आणाभाका झाल्या, तेव्हां हा आपला नातू नसून गोंधळ्याचा मुलगा आहे, असें त्यांनीं शपथेवर सांगितलें. ही दुसरी साक्ष.

साक्षीदार एकच, प्रसंग दोन्ही राजकारणाचे, आणि दोन्ही वेळीं देवाब्राह्मणांची वा अन्नाची शपथ मध्यें. अशा ठिकाणीं संशोधकाजवळ आजवर एकच उपाय होता. बखरी, शकावल्या, पत्रव्यवहार व तहनामे ताडून कोणती साक्ष अधिक संभवनीय हें ठरवावयाचें. गेल्या कांहीं वर्षांत मात्र ह्या कामीं एक नवा साक्षीदार पुढें आला आहे. दोन माणसांच्या थुंकीच्या नमुन्यावरून त्यांच्या शरीरांतील डीएनएचा समाईक भाग किती, हें मोजतां येतें, व त्यावरून त्यांचें नातें किती जवळचें याचा अदमास बांधतां येतो. साहजिकच, जुन्या घराण्यांचे वाद आतां कागदाविना मिटतील, अशी समजूत अनेकांची होऊं लागली आहे. दफ्तरें चाळण्यापेक्षां चाचणी करावी, असेंही कोणी बोलून दाखवितात.

ही समजूत कितपत साधार आहे हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाचा निष्कर्ष आरंभींच सांगावयाचा तर असा : समाईक डीएनए दोन व्यक्तींमधील रक्ताचें अंतर सांगतो, तें अंतर कोणत्या नात्याचें हें तो क्वचित् सांगतो, आणि नांव तर कधींच सांगत नाहीं. नातें व नांव कागदांतून घ्यावें लागतें. आणि आमच्या वंशावळींनीं जी गोष्ट बहुधा गाळली, म्हणजे घरांत आलेल्या स्त्रियांचीं माहेरें, नेमकी तीच ह्या कामीं अत्यावश्यक ठरते.

२. वाटणीचें गणित

मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक सूत्र आईकडून व एक बापाकडून येतें. परंतु बाप आपल्या मुलास जें सूत्र देतो तें त्याला स्वतःच्या आईकडून मिळालेलें किंवा बापाकडून मिळालेलें जसेंच्या तसें नसतें. त्या दोहोंचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होऊन एक मिश्र सूत्र तयार होतें व तें पुढें जातें. आईचेंही तसेंच. म्हणून मुलास आईबापांकडून निम्मा निम्मा वाटा मिळतो हें निश्चित. पण आजाआजींचा वाटा सरासरीनें पाव असला तरी प्रत्यक्षांत तो नेमका पाव नसतो. एखाद्या नातवाकडे आजोबांचे २२ टक्के व त्याच आजोबांच्या पत्नीचे २८ टक्के येतात. त्याच्या सख्ख्या भावाकडे उलट प्रमाणांतही येतात. पिढी जसजशी पुढें जाते तसतसे तुकडे लहान होत जातात, आणि कांहीं पूर्वजांचा एकही तुकडा वंशजाकडे उरत नाहीं.

दर पिढीस निम्में ह्या हिशेबानें नात्याचा गुणक काढण्याची रीत सूअल राइट यानें १९२२ सालीं घालून दिली. तुकड्यांची लांबी मोजण्याचें परिमाण त्याच सुमाराचें आहे. टॉमस हंट मॉर्गन ह्या शास्त्रज्ञाच्या नांवावरून ‘मॉर्गन’ हें परिमाण जे. बी. एस. हाल्डेन यानें १९१९ सालीं सुचविलें. हेच हाल्डेन पुढें १९५७ सालीं भारतांत येऊन स्थायिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. मॉर्गनचा शतांश तो सेंटिमॉर्गन. सूत्रावरील ज्या दोन ठिकाणांमध्यें एका पिढींत अदलाबदल होण्याचा संभव शंभरांत एक असतो, त्यांमधील अंतर म्हणजे एक सेंटिमॉर्गन, असें स्थूलमानानें समजावें.

नात्यागणिक समाईक लांबी किती भरते याची नोंद अमेरिकेंतील ब्लेन बेटिंजर यांनीं हजारों लोकांकडून मागवून संकलित केली आहे. तिची चौथी आवृत्ति मार्च २०२० मध्यें सुमारें ६०,००० नात्यांच्या आधारें प्रसिद्ध झाली. तींतील मुख्य आंकडे सेंटिमॉर्गनांत पुढें दिले आहेत. प्रथम गणितानें येणारा वाटा, मग प्रत्यक्ष सरासरी व कंसांत आढळलेली मर्यादा, असा क्रम आहे.

आई किंवा बाप व मूल : ५० टक्के, ३४८५ (२३७६ ते ३७२०)
सख्खीं भावंडें : ५० टक्के; २६१३ (१६१३ ते ३४८८)
आजोबा व नातू : २५ टक्के, १७५४ (९८४ ते २४६२)
सावत्र भावंडें : २५ टक्के, १७५९ (११६० ते २४३६)
काका, मामा, आत्या, मावशी व पुतणे-भाचे : २५ टक्के, १७४१ (१२०१ ते २२८२)
पणजोबा व पणतू : १२½ टक्के; ८८७ (४८५ ते १४८६)
चुलत, मामे, आते व मावस भावंडें : १२½ टक्के, ८६६ (३९६ ते १३९७)
पणजोबा समाईक असलेलीं भावंडें : ३⅛ टक्के, २२९ (४१ ते ५९२)
खापरपणजोबा समाईक असलेलीं भावंडें : पाऊण टक्क्याहून किंचित् अधिक; ७३ (० ते २३४)

सख्ख्या भावंडांचा आंकडा आईबापांच्या आंकड्याहून कमी दिसतो. कारण ज्या भागांत आईकडील व बापाकडील असे दोन्ही तुकडे जुळतात तो भाग ह्या मोजणींत एकदांच धरतात. शेवटच्या ओळींतील शून्यही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. खापरपणजोबा एक असूनही सुमारें दहांपैकीं एका जोडीत समाईक तुकडा मुळींच सांपडत नाहीं. आणखी एक पिढी मागें गेलें कीं सुमारें निम्म्या जोड्या अशा निघतात. सारांश, आठदहा पिढ्यांपूर्वीं फुटलेल्या दोन शाखांतील दोन माणसांत समाईक तुकडा नाहीं, एवढ्यावरून त्या शाखा परस्परांच्या भाऊबंद नव्हत ह्या म्हणण्यास आधार मिळत नाहीं. ही चाचणी पांचसहा पिढ्यांपर्यंत चांगली बोलते. त्यापलीकडे तिचा आवाज क्षीण होतो.

३. अंतर व नातें यांतील भेद

वरील कोष्टक पाहतांच एक अडचण ध्यानांत येईल. १७५० सेंटिमॉर्गन समाईक असलेल्या दोन व्यक्ती आजोबा-नातू असतील, सावत्र भाऊ असतील, किंवा काका-पुतणे असतील. आंकडा तिन्ही पक्षांस सारखाच अनुकूल. ४५० चा आंकडा तर याहूनही संदिग्ध आहे. चुलतभाऊ व त्याच्या चुलतभावाचा मुलगा, सावत्र भावांचीं मुलें, क्वचित् सख्खे चुलतभाऊ, क्वचित् पणजोबा समाईक असलेले भाऊ, असे चारही अर्थ त्यांतून निघूं शकतात. आंकड्यासमोर एकच नातें लिहून देणारा अहवाल हाती आला म्हणजे, तें नातें ही अहवालकर्त्याची निवड आहे व मोजलेली गोष्ट केवळ आंकडा आहे, हें विसरूं नये.

ह्या पर्यायांतून निवड करण्याचे मार्ग आहेत. पहिला वयाचा. दोन व्यक्तींच्या वयांत साठ वर्षांचें अंतर असल्यास सावत्र भावंडांचा पक्ष दुर्बळ होतो. दुसरा तुकड्यांच्या संख्येचा. आजोबा-नातवांमध्यें समाईक तुकडे संख्येनें थोडे व लांब असतात. काका-पुतण्यांमध्यें तितकीच एकूण लांबी अधिक व आंखूड तुकड्यांत विभागलेली असते. तिसरा मार्ग तिऱ्हाइताच्या साक्षीचा, व तो सर्वांत भरवंशाचा. काकाच्या आईकडील व बापाकडील, दोन्ही बाजूंचे नातलग पुतण्याशीं जुळतात. एका बापाच्या दोन सावत्र मुलांत मात्र एकाच्या आईचे नातलग दुसऱ्याशीं जुळत नाहींत. म्हणजे दोन माणसांचें नातें ठरविण्यास बहुधा चौघांपांचांची चाचणी लागते, व त्या चौघांपांचांचें परस्परांशीं नातें आधीं कागदोपत्रीं ठाऊक असावें लागतें.

सर्वसाधारण डीएनएखेरीज आणखी दोन साधनें आहेत. बापाकडून मुलाकडेच जाणारें वाय गुणसूत्र पुरुषपरंपरा दाखवितें. आईकडून सर्व मुलांस मिळणारा पण पुढें केवळ मुलीच देऊं शकतात असा मायटोकॉन्ड्रियांतील डीएनए स्त्रीपरंपरा दाखवितो. हीं दोन्ही फार लांबवर पोंचतात. पण तीं एकेका ओळीपुरतीं. दहा पिढ्यांमागें माणसाचे १,०२४ पूर्वज गणितानें येतात. त्यांतील एकाचें वाय सूत्र व एकीचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एवढेंच हीं साधनें सांगतात.

४. परदेशांतील दोन उदाहरणें

लाकोटा लोकांचा प्रसिद्ध नायक सिटिंग बुल हा ता. १५ डिसेंबर १८९० रोजीं मारला गेला. त्याच्या केसांची एक बट पुढें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत होती. ती २००७ सालीं वारसांस परत देण्यांत आली. त्याचा पणतू म्हणविणाऱ्या एका गृहस्थाचें नातें सिटिंग बुलच्या मुलीकडून, म्हणजे मुलीच्या मुलीचा मुलगा असें होतें. येथें वाय सूत्र निरुपयोगी, कारण मध्यें दोन स्त्रिया. मायटोकॉन्ड्रियल डीएनएही निरुपयोगी, कारण पुरुष तो आपल्या मुलीस देत नाहीं. सर्वसाधारण डीएनएचा समाईक भाग पाहणें एवढाच मार्ग उरला. केस जुना, व त्यांतील डीएनए अत्यल्प व तुटलेला. कोपनहेगन येथील एस्के विलर्स्लेव यांच्या मंडळीनें अशा तुटपुंज्या सामग्रीवर चालेल अशी गणनेची रीत बसविली व २०२१ च्या ऑक्टोबरांत निष्कर्ष प्रसिद्ध केला. पणतूपणाचें नातें टिकलें. ह्या शोधांतील एक दक्षता आमच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाची आहे. त्या गृहस्थाचा डीएनए केवळ केसाशीं ताडून ते थांबले नाहींत. इतर लाकोटा व्यक्तींशींही त्या केसाची तुलना केली. एका लहान समाजांतील सर्वच माणसें थोडींफार एकमेकांचीं असतात. तें सर्वसामान्य साम्य वजा केल्यावांचून विशेष नातें सिद्ध होत नाहीं.

दुसरें उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांचें. सॅली हेमिंग्ज ह्या त्यांच्या गुलाम स्त्रीचीं मुलें जेफर्सनचीं, असा प्रवाद त्यांच्या हयातीपासून होता. तर जेफर्सनच्या घरचीं माणसें तीं मुलें त्यांच्या भाच्यांचीं, कार बंधूंचीं, म्हणून सांगत. जेफर्सनची औरस पुरुषपरंपरा नसल्यामुळें त्यांचे चुलते फील्ड जेफर्सन यांच्या वंशजांचें वाय सूत्र घेऊन १९९८ सालीं तुलना झाली. सॅलीचा शेवटचा पुत्र एस्टन, जन्म १८०८, याच्या पुरुषवंशजाचें सूत्र जेफर्सन घराण्याशीं जुळलें. कार घराण्याशीं जुळलें नाहीं. एवढ्यावरून जेफर्सनच पिता ठरले असें कांहींनीं जाहीर केलें. पण तो अतिव्याप्त निष्कर्ष होता. त्या सूत्रानें पिता जेफर्सन घराण्यांतील पुरुष होता एवढेंच सिद्ध होतें, आणि तसे पुरुष, धाकटे बंधु रँडॉल्फ धरून, अनेक होते. व्यक्ति ठरली ती कागदांवरून. मॉन्टिसेलोच्या शेतीवहींतील मुलांच्या जन्मनोंदी, प्रत्येक गर्भधारणेच्या सुमारास जेफर्सन तेथें हजर असल्याचा त्यांच्या पत्रव्यवहारावरून निघणारा हिशेब, आणि मॅडिसन हेमिंग्ज याचें १८७३ सालीं छापलेलें निवेदन, हीं सर्व एकत्र पाहून जेफर्सन स्मारक संस्थेच्या समितीनें २००० सालीं आपला अभिप्राय पितृत्वाच्या बाजूनें दिला. डीएनएनें खोटा पक्ष बाद केला. खरा पक्ष कागदांनीं उभा केला. दोहोंच्या कामाची ही वाटणी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

५. आमच्याकडील विशेष

शरीरांशाच्या समाईकपणावरून नातें मोजण्याची कल्पना आमच्या शास्त्रांस अपरिचित नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें सपिंड शब्दांतील ‘पिंड’ म्हणजे श्राद्धाचा पिंड न घेतां शरीर असा घेतला, व एकाच शरीराचे अवयव अंगीं असणें म्हणजे सापिंड्य, अशी व्याख्या केली. जीमूतवाहनाच्या दायभागाशीं मिताक्षरेचा जो विरोध पुढें वारसाच्या कायद्यांत गाजला त्याचें एक मूळ येथें आहे. विज्ञानेश्वरानें ह्या व्याप्तीस बापाकडून सात व आईकडून पांच पिढ्यांची मर्यादा घातली. कारण ती न घातल्यास सर्व मनुष्यमात्र सपिंड ठरेल, हें त्यास उमगलें होतें. गणितांत आईकडील व बापाकडील अंश सारखेच. विषमता धर्मशास्त्राची आहे. परंतु दूरच्या अंशास व्यवहारांत अर्थ उरत नाहीं, हें तत्त्व दोघांसही मान्य आहे.

शास्त्र असें असतां आमच्या रूढीनें मात्र गणित गुंतागुंतीचें करून ठेविलें आहे. परदेशांतील कोष्टकें मुख्यत्वें युरोपीय वंशाच्या लोकांवरून, व नवराबायको एकमेकांचे नातलग नाहींत असें गृहीत धरून, बसविलेलीं आहेत. हें गृहीत महाराष्ट्रांत पदोपदीं ढासळतें.

पहिली रूढि मामाची मुलगी करण्याची. बौधायनानें ही दाक्षिणात्यांची चाल म्हणून नोंदली आहे, व दक्षिण महाराष्ट्रांतील अनेक जातींत ती अगदीं अलीकडेपर्यंत चालत आली. अशा विवाहाच्या संततीस बापाची आई ही आजी तर असतेच, शिवाय आईची आत्याही असते. त्या आजीचा वाटा पावाऐवजीं ३७½ टक्के होतो. दुसरी रूढि साट्यालोट्याची. एका घरचे भाऊबहीण दुसऱ्या घरच्या बहीणभावास दिले म्हणजे त्यांचीं मुलें दोहोंकडून आतेमामे भावंडें होतात. त्यांचा समाईक वाटा १२½ ऐवजीं २५ टक्के, म्हणजे सावत्र भावंडांइतका भरतो. ही रूढि ठाऊक नसलेला परीक्षक तेथें एखाद्या पुरुषावर नसत्या संबंधाचा आरोप करून मोकळा होईल. तिसरी चाल बायकोची बहीण सवत म्हणून आणण्याची. तेथें सावत्र भावंडें मावसभावंडेंही असतात, व वाटा ३७½ टक्क्यांवर जातो. हा आंकडा सख्ख्या व सावत्राच्या मधोमध पडतो.

ह्या प्रत्यक्ष नात्यांखेरीज जातिबंधनाचा परिणाम वेगळा. शतकानुशतकें रोटीबेटी एकाच वर्तुळांत राहिल्यामुळें एका जातींतील कोणींही दोघे अनेक दूरच्या मार्गांनीं एकमेकांचे भाऊबंद असतात, व त्या सर्व लहान तुकड्यांची बेरीज एखाद्या जवळच्या नात्याचा आभास निर्माण करते. दक्षिण आशियांतील २६३ समाजगटांचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ८१ गटांत, मूळच्या थोड्या पूर्वजांपासून विस्तार झाल्याची खूण फिनलंडचे लोक व अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही ठळक आढळली. हे दोन समाज ह्या बाबतींत जगांत उदाहरणादाखल सांगितले जातात.

कोंकणांतील बेने इस्राएल समाज याचें चांगलें उदाहरण आहे. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वांचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून आपला समाज वाढला, अशी ह्या मराठीभाषी, पूर्वीं शनिवार तेली म्हणविणाऱ्या लोकांची परंपरा आहे. त्यांच्या डीएनएचा अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यू व भारतीय असे दोन्ही अंश आढळले, आणि त्यांचें मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झालें असावें असा अदमास निघाला. समाजाचा सर्वसाधारण इतिहास येथें कळतो. परंतु त्याच कारणानें दोन बेने इस्राएल घराण्यांचें परस्परांशीं नातें नुसत्या आंकड्यावरून ठरविणें अवघड होतें. अशा वेळीं लहान तुकडे बाजूस ठेवून लांब तुकड्यांवरच भिस्त ठेवावी, हा नियम सुरक्षित. लांब तुकडा अलीकडच्या पूर्वजाचा, आंखूड तुकडा बहुधा फार जुन्याचा.

६. रामराजाच्या प्रश्नास ही कसोटी

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. समजा, ही चाचणी १७५० सालीं उपलब्ध असती. ताराबाई ह्या हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. राजाराममहाराजांच्या मातुश्री सोयराबाई ह्या हंबीररावांच्या भगिनी. म्हणजे राजाराममहाराजांनीं मामाचीच मुलगी केली होती. सोयराबाई व हंबीरराव हीं सख्खीं भावंडें धरल्यास दुसऱ्या शिवाजीचा आपल्या मातुश्रींशीं समाईक वाटा ५० ऐवजीं ५६¼ टक्के येतो, व रामराजा त्याचा पुत्र असल्यास ताराबाईंशीं त्याचा वाटा २५ ऐवजीं २८ टक्क्यांहून किंचित् अधिक येतो. गोंधळ्याचा मुलगा असता तर तो जवळजवळ शून्य आला असता. म्हणजे ताराबाई व रामराजा या दोघांच्या चाचणीनें जेजुरीची शपथ खरी कीं खोटी याचा निकाल एका दिवसांत लागला असता. शाहूमहाराजांशीं ताडून मात्र इतका स्पष्ट निकाल मिळाला नसता. कारण संभाजीमहाराज व राजाराममहाराज सावत्र बंधु असल्यामुळें शाहूमहाराज व रामराजा यांचा अपेक्षित वाटा अवघा ३⅛ टक्के, आणि मराठे घराण्यांतील परस्पर सोयरीक पाहतां एवढा वाटा इतर मार्गांनींही येण्याचा संभव.

तथापि, निकाल अनुकूल लागला असता तरी गादीचा प्रश्न सुटता ना. रामराजा दुसऱ्या शिवाजीचा विवाहित स्त्रीपासून झालेला पुत्र कीं दासीपुत्र, हें डीएनए सांगत नाहीं. औरसपणा ही शरीराची गोष्ट नसून विधीची आहे. तो विधि कोणी पाहिला, कोणी लिहून ठेविला, हाच तेथें पुरावा.

आज ही चाचणी कोणावर करावयाची ? युरोपांत पुरलेलीं हाडें सांपडतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ सालीं लेस्टर येथें मिळाला व २०१४ सालीं त्याच्या भगिनीच्या स्त्रीपरंपरेवरून ओळख पटली. त्याच वेळीं कागदोपत्रीं त्याचे पुरुषपरंपरेचे भाऊबंद मानलेल्यांचें वाय सूत्र त्याच्याशीं जुळलें नाहीं, म्हणजे मधल्या कोठल्या तरी पिढींत कागद व रक्त यांची फारकत झालेली आहे, असेंही दिसून आलें. आमच्याकडे दहनाची चाल. पूर्ण दहनानंतरच्या रक्षेंतून उपयोगी डीएनए मिळण्याची आशा धरण्यांत अर्थ नाहीं. उरले जिवंत वंशज. आणि तेथें दत्तकाची आडकाठी येते. रामराजास औरस पुत्र नव्हता. १७७७ सालीं वावीच्या भोसल्यांतून घेतलेले दत्तकपुत्र दुसरे शाहू हे पुढें गादीवर बसले. तेव्हां त्या पुढील सातारच्या परंपरेंत रामराजाचें रक्त नाहीं, व तिची कोणतीही चाचणी रामराजाविषयीं एक अक्षर बोलूं शकत नाहीं. कोल्हापुरास १७६२ सालीं व तंजावरास १७८७ सालीं भोसल्यांच्या दुसऱ्या शाखांतून दत्तक झाले. सगोत्र दत्तकाचा एक चमत्कारिक परिणाम असा कीं, शाखांच्या वंशावळी खऱ्या असल्यास वाय सूत्र तेंच राहतें, व दत्तक झाल्याची खूणही त्यांत उमटत नाहीं. तो उजेड दत्तकपत्रानेंच पडावयाचा.

म्हणून रामराजाचा निर्णय आजही पूर्वींच्याच साधनांवर अवलंबून आहे, व पुढेंही राहील. ज्यांनीं त्या काळचीं अप्रकाशित पत्रें जपून ठेविलीं आहेत त्यांच्या संग्रहाचें मोल नव्या शास्त्रानें रतिभरही कमी झालेलें नाहीं.

७. संग्राहकांस व कुलवृत्तांतकारांस सूचना

मग ह्या शास्त्राचा आम्हांस उपयोग नाहीं काय ? आहे, परंतु तो पांचसहा पिढ्यांच्या आंतील प्रश्नांस. गांव सोडून देशावर, वऱ्हाडांत, बडोद्यास किंवा ग्वाल्हेरीस गेलेली शाखा मूळ घराण्याची कीं केवळ आडनांवाची, दोन समान आडनांवांचीं घराणीं एक कीं भिन्न, वतनाच्या कागदांत ‘नकल’ झालेला पुरुष खरोखर निःसंतान वारला कीं त्याचा वंश दुसरीकडे चालला, असे प्रश्न प्रत्येक कुलवृत्तांताच्या कर्त्यापुढें असतात. तेथें दोन्ही शाखांतील वयोवृद्ध माणसांची चाचणी उपयोगी पडेल. वृद्धांचीच, कारण एकेक पिढीनें पुरावा निम्म्यानें आटतो.

पण त्याच्या आधीं कागदाची तयारी पाहिजे. आमच्या बहुतेक जुन्या वंशावळी वतनाच्या किंवा वारसाच्या कज्ज्यांत दाखल करण्यासाठीं तयार झाल्या. हक्क पुरुषाचा, म्हणून नांवें पुरुषांचीं. स्त्री आली तर ‘स्त्री’ किंवा सासरच्या नांवानें. तिचा बाप कोण, गांव कोणतें, हें लिहिण्याचें कारकुनास कारण नव्हतें. अलीकडील कुलवृत्तांतांनीं ही उणीव पुष्कळ भरून काढली. परंतु चारपांच पिढ्यांमागें गेलें कीं माहेरें लुप्त होतात. डीएनएला मात्र सासर-माहेर हा भेद ठाऊक नाहीं. माहेर न लिहिलेली वंशावळ हातीं घेऊन आंकडा वाचणारा माणूस अर्ध्या जमाखर्चावरून शिल्लक काढूं पाहतो. यास्तव प्रत्येक विवाहाची नोंद करतांना वधूचें पितृकुल, मातुल, गांव, मामाच्या घरची कीं साट्यालोट्याची सोयरीक, सवतींचें परस्पर नातें, आणि दत्तक असल्यास जनककुल, एवढें लिहिलेंच पाहिजे. लग्नाच्या आहेरयाद्या, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, सुतकाचीं पत्रें, बारशाच्या यादी हीं साधनें रद्दी समजून टाकलीं जातात. माहेरचीं नांवें बहुतांशीं तेथेंच सांपडतात. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत घरच्या बायकांसह नोंदी असतात, ही गोष्ट ह्या दृष्टीनें फार मोलाची आहे.

चाचणी करतांना जिवंत माणसांच्या अब्रूचा विचारही हवा. एका व्यक्तीची चाचणी तिच्या भावंडांविषयीं, आईबापांविषयीं, त्यांनीं न विचारलेली व न दिलेली माहिती उघड करते. गुपचूप झालेलें दत्तक, पांघरूण घातलेला संबंध, दुसऱ्याच्या नांवावर वाढलेलें मूल, हें सर्व एका आंकड्यानें बाहेर येतें. म्हणून लेखी संमतीवांचून नमुना घेऊं नये, व निष्कर्ष छापण्यापूर्वीं संबंधितांस दाखवावा. नमुने परदेशी व्यापारी संस्थांकडे पाठविण्यांतील धोकाही ध्यानांत असावा. ट्वेंटीथ्रीअँडमी ह्या अमेरिकन कंपनीच्या सुमारें ६९ लक्ष ग्राहकांची माहिती २०२३ सालीं चोरीस गेली, व मार्च २०२५ मध्यें त्याच कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. कागद गहाळ झाला तर एक दस्त जातो; हा दस्त परक्याच्या हातीं गेला तर तो अजून न जन्मलेल्यांचाही असतो.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. आपलें कूळ अमुक राजघराण्याचें, आपली जात अमुक शुद्ध, हें सिद्ध करण्यासाठीं ह्या शास्त्राकडे धांव घेणाऱ्यांस त्यांतून कांहींही मिळणार नाहीं. उलट, विज्ञानेश्वरानें मर्यादा घालून जें बाजूस ठेविलें तेंच पुढें येईल, कीं पुरेशा पिढ्या मागें गेल्यास सर्वच सपिंड आहेत. आम्हांस हवें आहे तें कुळाच्या मोठेपणाचें प्रमाणपत्र नव्हे. कोण कोणाचा, कोण कोणाची, व तें कशावरून, एवढ्याचा चोख हिशेब हवा आहे. त्या हिशेबांत डीएनए हा एक नवा, प्रामाणिक, पण अल्पभाषी साक्षीदार आहे. त्यास प्रश्न विचारण्याचें काम अजून वंशावळ व दफ्तर जाणणाऱ्यांचेंच आहे.